पिचरचे पाय आणि पंचाचे डोळे
(उत्सवातील कार्यक्रमात केलेले भाषण)



नोकरीनिमित्त अमेरिकेत असताना सुट्टीच्या दिवशी मी शाळांच्या बेसबॉल सामन्यांत पंचगिरी करीत असे. ‘पिचर नुसता उभा असतो, त्यात पाहता काय?’ असे ऑफिसातले मित्र विचारतात. मी पाय पाहतो!

मधल्या उंचवट्यावर २४ इंच लांब, ६ इंच रुंद अशी पांढरी रबरी पट्टी असते. उजव्या हाताच्या पिचरचा उजवा पाय तिला टेकलेला हवा. हा टेकूचा पाय. उभे राहायच्या रीती दोनच. ‘सेट’मध्ये तो पट्टीला समांतर, दुसरा पुढे, बेसवर रनर असेल तर हात अंगापुढे एकत्र आणून पूर्ण थांबायचे, मगच चेंडू टाकायचा. ‘वाइंडअप’मध्ये थांबायची सक्ती नाही; पण शालेय नियमांत तिथून थेट बेसकडे फेकता येत नाही, आधी टेकूचा पाय पट्टीमागे घ्यावा लागतो.

ही कटकट रनरसाठी. पिचर कसा उभा आहे ते पाहून तो बेस किती सोडायचा हे ठरवतो. दिसते एक आणि घडते दुसरे, तर ती फसवणूक. मग पंच ‘बॉक’ देतो आणि प्रत्येक रनर एक बेस पुढे जातो.

घोळ होतो तो अर्धवट तिरक्या पायाचा. पूर्वी शालेय नियमांत वाइंडअपला मोकळा पाय पट्टीच्या पुढच्या कडेपलीकडे चालत नसे. पुढे निकष टेकूच्या पायावर आणला, हे मला पटले. दोन पायांऐवजी एकच पाहायचा. व्यावसायिक सामन्यांत, बेसवर रनर असताना टेकूचा पाय समांतर आणि दुसरा पुढे असेल तर ‘सेट’च धरतात, वाइंडअप करायचा तर पिचरने पंचाला आधी सांगायचे. आपल्याकडे गोलंदाज ‘राइट आर्म ओव्हर’ कळवतो ना, तसेच!

लहान मुलांच्या बाबतीत मी दोन डावांमध्ये प्रशिक्षकाला हळूच सांगत असे. पण एकदा शेवटच्या डावात बरोबरी, तिसऱ्या बेसवर रनर, आणि पिचर थांबलाच नाही. हात खाली येऊन तसेच वर गेले. मी बॉक दिला. धाव झाली, सामना संपला. पोरगा रडवेला झाला. त्याच्या वडिलांनी पार्किंगपर्यंत माझा उद्धार केला. रनरही पंधरा वर्षांचाच होता, हे त्यांना कोण सांगणार?

आता दोघातिघांनी पुढे या. ही फूटपट्टी म्हणजे पट्टी समजा. कोण ‘सेट’मध्ये आहे, ते बाकीच्यांनी ओळखायचे.