कायदा, निरीक्षक आणि संघटित समाज

(लीड्स येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कायद्याने समाज बदलतो, की समाज बदलल्यावर कायदा होतो, हा प्रश्न फार जुना आहे. आज आम्ही तो तत्त्वचर्चेसाठी मांडीत नाही. या देशात आपली मुले वाढत आहेत, आणि जातीचे काय करावयाचे याचे उत्तर येथेही द्यावे लागत आहे, म्हणून तो मांडीत आहोत. त्यासाठी आपण राहतो त्या गावाचा इतिहास आणि आपल्या चळवळीचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहावा, असे आम्हास वाटते.

१८३० साली लीड्समध्ये गुलामगिरीविरोधी सभा भरली. वेस्ट इंडीजमधील मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांविषयी येथील प्रतिष्ठित मंडळींनी कळकळीची भाषणे केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १६ ऑक्टोबर १८३० रोजी, 'लीड्स मर्क्युरी' या वृत्तपत्रात रिचर्ड ओस्टलर यांचे 'यॉर्कशायरमधील गुलामगिरी' या मथळ्याचे पत्र प्रसिद्ध झाले. सातासमुद्रापलीकडची गुलामगिरी ज्यांना दिसते त्यांना ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत राबणारी लहान मुले का दिसत नाहीत, असा त्याचा रोख होता. पुढे १८३२ मध्ये लीड्सचे व्यापारी मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली संसदीय समितीने गिरणी कामगारांच्या साक्षी घेतल्या. लीड्सच्या एलिझाबेथ बेंटली हिने सांगितले की ती सहाव्या वर्षी तागाच्या गिरणीत लागली आणि घाईच्या दिवसांत पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत काम चाले. त्या कष्टांनी तिचे शरीर कायमचे वाकले.

१८३३ चा कारखाना कायदा या साक्षींच्या पाठोपाठ आला. नऊ वर्षांखालील मुलांना बहुतेक कापड गिरण्यांत घेण्यास बंदी झाली, तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे काम आठवड्यास ४८ तासांवर आले. परंतु या कायद्याचे खरे वैशिष्ट्य वेगळेच होते. त्याने चार सरकारी निरीक्षक नेमले. गिरणीत शिरून पाहण्याचा आणि मालकास जाब विचारण्याचा अधिकार त्यांना मिळाला. यापूर्वीही मुलांच्या कामावर कायदे झाले होते. त्यांची अंमलबजावणी पाहणारा कोणी पगारी अधिकारी नसल्याने ते कागदावर राहिले. चार माणसे साऱ्या देशाला पुरणारी नव्हती, तरी कायद्याला डोळे आले. स्त्रिया व तरुण कामगारांसाठी दहा तासांचा कायदा होण्यास मात्र १८४७ साल उजाडावे लागले, आणि तोवर कामगारांच्या समित्यांनी चळवळ थांबू दिली नाही.

याच काळातील आणखी एक घटना आपल्याशी जोडलेली आहे. १८३२ च्या सुधारणा कायद्याने लीड्सला संसदेत दोन जागा मिळाल्या. निवडणुकीत सॅडलर पराभूत झाले आणि गिरणीमालक जॉन मार्शल व थॉमस बॅबिंग्टन मेकॉले निवडून आले. बहुसंख्य कामगारांना मताचा अधिकारच नव्हता. हेच मेकॉले १८३४ मध्ये हिंदुस्थानात गेले आणि १८३५ मध्ये त्यांनी शिक्षणाविषयीचे प्रसिद्ध टिपण लिहिले. वरच्या थोड्या लोकांना शिकवावे, म्हणजे ज्ञान आपोआप खाली झिरपेल, अशी त्यामागील कल्पना. ते झिरपले नाही. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी हेच निक्षून सांगितले: शेतकऱ्याच्या कष्टातून आलेला महसूल उच्चवर्णीयांच्या शिक्षणावर खर्च होतो; प्राथमिक शिक्षण ठराविक वयापर्यंत सक्तीचे करा. वरून दिलेली सुधारणा कोणापर्यंत पोहोचते, हे तपासण्याची दृष्टी जोतीरावांनी आपणास दिली.

जोतीरावांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार, या त्यांच्या मागण्या होत्या. १८८१ चा हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा मुलांपलीकडे फारसा जात नव्हता. लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आपल्या आई-वडिलांनी उपभोगलेला रविवार हा असा सत्यशोधक चळवळीतून आलेला आहे.

परंतु बंधुभगिनींनो, मुंबईच्या गिरणीत एक भिंत अशी होती, जी कोणत्याही कारखाना कायद्यास दिसली नाही. विणकाम खात्यात पगार अधिक होता. तेथे अस्पृश्य कामगारास प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि अस्पृश्याच्या ओठांस लागलेला धोटा इतरांना चालत नसे. लाल बावट्याखाली एकत्र उभे राहणारे कामगारही येथे वेगळे होत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही बाब संपाच्या नेत्यांपुढे ठेवली आणि विणकाम खाते आमच्या लोकांस खुले करा असा आग्रह धरला. कामाचे तास मोजणारा निरीक्षक जात मोजीत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

महाडचा धडाही हाच आहे. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले झाले. महाड नगरपालिकेनेही जानेवारी १९२४ मध्ये तसा ठराव केला. तरीही तीन वर्षे चवदार तळ्यावर कोणी पाणी भरू शकला नाही, कारण या ठरावामागे निरीक्षक नव्हता, दंड नव्हता. २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे बाबासाहेबांच्या मागे चालत गेली आणि त्या कागदास अर्थ आला. त्यावर सनातन्यांनी तळे 'शुद्ध' केले, नगरपालिकेने ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे लागली.

या अनुभवातून आलेले बाबासाहेब १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. १९४६ मध्ये कारखान्यातील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे आचरण हा गुन्हा ठरविला. तरीही २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले की सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर राजकीय लोकशाही टिकणार नाही. १९५६ ची धम्मदीक्षा ही त्या पायाचीच उभारणी होय.

आता या देशाकडे वळू. १९६५ च्या वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा भेदभाव बेकायदा ठरविला. नोकरी आणि घर त्यातून सुटले होते. ते १९६८ मध्ये आले, आणि १९७६ च्या कायद्याने दाद लावण्यासाठी आयोग स्थापन झाला. येथेही कायद्याची नजर तीक्ष्ण होण्यास वेळ लागला. २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची तरतूद ठेवली गेली, २०१३ मध्ये संसदेने ती सरकारवर बंधनकारक केली. परंतु जुलै २०१८ मध्ये सरकारने ती अमलात न आणण्याचा निर्णय जाहीर केला. न्यायनिवाडे पुरेसे आहेत, असे त्यांचे म्हणणे. २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने जातीचे काही प्रश्न वांशिक मूळ या संज्ञेत बसू शकतात असे म्हटले, हे खरे आहे. पण याचा अर्थ, जिच्यावर अन्याय झाला तिनेच प्रत्येक वेळी न्यायासनासमोर ही संज्ञा नव्याने सिद्ध करावयाची. धोट्याची भिंत पाहणारा निरीक्षक अजून नेमला गेलेला नाही.

तेव्हा आपले कर्तव्य काय? एलिझाबेथ बेंटलीची साक्ष लिहून ठेवली गेली, म्हणून ती आज आपण सांगू शकलो. जातीवरून झालेला अपमान विहारात हळू आवाजात सांगून थांबू नये. तारीख, ठिकाण, शब्द लिहून ठेवावेत. आपल्या कामगार संघटनेत जावे, पदे घ्यावीत, आपल्या खासदारास भेटावे. मुलांना महाड शिकवावे तसेच या शहराचा १८३० चा इतिहासही शिकवावा, म्हणजे ज्या भूमीवर ती वाढत आहेत तिच्यावरही हक्काचा लढा झाला होता हे त्यांना कळेल. आणि आपल्या घरांत, विवाह ठरविताना, पोटजातीची चौकशी करणे आपण सोडले आहे का, हेही तपासावे. तेथे निरीक्षक दुसरा कोणी येणार नाही. ते काम पंचशीलाचे आहे.

कायदा हवा, त्यावर लक्ष ठेवणारा हवा, आणि त्या दोघांना जागे ठेवणारा संघटित समाज हवा. पहिली दोन मिळविणे तिसऱ्याच्या हाती आहे, आणि तो तिसरा म्हणजे आपण आहोत.

जय भीम! नमो बुद्धाय!