जिना चढणारा कंडक्टर

दुसऱ्या महायुद्धानंतरचं लंडन. लाल दुमजली बस. ड्रायव्हर दिवसभर सीटवर बसून. कंडक्टर मात्र तिकिटं देत सारखा वर-खाली. एका पाळीत त्याच्या पाचशेहून जास्त पायऱ्या चढून व्हायच्या.

डॉक्टर जेरी मॉरिस यांनी या दोघांच्या आजारपणाच्या नोंदी ताडून पाहिल्या. कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झालाच तर तुलनेनं उशिरा. 1953 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. टपाल वाटत फिरणारे पोस्टमन आणि खुर्चीतले कारकून यांच्यातही तोच फरक दिसला. मग मॉरिस यांनी चक्क गणवेशाच्या पँटींची मापं तपासली! ड्रायव्हरांचे कमरेचे घेर मोठे होते खरे, पण जाड कंडक्टरांनाही जिन्याचा फायदा मिळालेला होता. मला तर हे सर्वांत दिलासा देणारं वाटतं. वजन उतरेपर्यंत थांबायचं कारणच नाही.

जिना चढताना किंवा चालताना आपले स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि ही सवय टिकली की रक्तदाबही हळूहळू उतरतो. घरोघरी मधुमेह असलेल्या आपल्यासारख्यांना हे फार मोलाचं आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. सलग हवा असंही नाही. दोन मजल्यांचा जिनाही हिशेबात धरा. मध्यम म्हणजे किती? चालता चालता शेजाऱ्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणायला दम पुरू नये, एवढं.