पेटी नवी, रेडिओ जुना

(ध्वनिमुद्रित बोलण्याचं हे शब्दांकन. बोलताना येणारी पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

मी मालवणचा. धंदा सुतारकीचा. खिडक्या, दरवाजे, कपाटं, गणपतीची मखरं, आणि गेली काही वर्षं जुन्या रेडिओंच्या लाकडी पेट्या. आता हे शेवटचं ऐकलं की लोक एकच प्रश्न विचारतात. कोणी तोंडावर विचारतं, कोणी माझ्या मागे. "म्हणजे तुम्ही नकली वस्तू बनवता?" आज याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. एका वाक्यात देता येत नाही, म्हणून जरा वेळ घेतो.

आधी आपल्या किनाऱ्यावर रेडिओचं काय होतं ते सांगतो. रेडिओ इथे आला तो बहुतेक चाकरमान्यांच्या हातून. मुंबईला गिरणीत, गोदीत नोकरी, आणि मे महिन्यात किंवा चतुर्थीला आगबोटीने घरी. मालवण, देवगड, वेंगुर्ला ही सगळी बोटीची बंदरं. ट्रंक, फणसाएवढं गाठोडं आणि पोत्यात गुंडाळलेला रेडिओ. गावात वीज नव्हती, त्यामुळे खूप घरांत बॅटरीवर चालणारे व्हॉल्व्हचे सेट असायचे. त्यांना दोन प्रकारचा पुरवठा लागतो: व्हॉल्व्हची तार तापवायला दीड व्होल्ट आणि मुख्य कामाला नव्वद व्होल्ट. ती नव्वद व्होल्टची बॅटरी म्हणजे चांगली वीट असायची. ती पेटीतच मागे बसायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वर पोस्टात दरवर्षी पैसे भरून परवान्याच्या पुस्तकावर शिक्का मारून आणायचा. हा परवाना १९८०च्या दशकात बंद झाला. तोवर ट्रान्झिस्टर आले होते, मग टीव्ही आला, आणि मोठा रेडिओ गेला माळ्यावर.

माळ्यावर गेला की आमच्या हवेत त्याचं मरण ठरलेलं. चेसिस लोखंडी, ती गंजते, पण घासूनपुसून उभी राहते. व्हॉल्व्ह काचेचे, त्यांना वाळवी लागत नाही. जाते ती पेटी. या पेट्या अख्ख्या लाकडाच्या नसायच्या. आत प्लाय आणि वर अक्रोडाचा किंवा सागवान-शिसवीचा कागदासारखा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनिअर. तो चिकटवलेला जुन्या काळच्या सरसाने. सरस जनावराच्या कातड्या-हाडांचा, दमट हवेत तो सुटतो. चार पावसाळे गेले की कोपरे उघडतात, मग आतून वाळवी. वरचा पापुद्रा शाबूत दिसतो, बोट लावलं की आत पोकळ.

तर अशीच एक काकी आचऱ्याकडून माझ्याकडे आली. तिने जुन्या लुगड्यात गुंडाळून नुसती चेसिस आणली होती, स्पीकर तारेला लोंबकळत. म्हणाली, "झिला, हेचो जीव आसा, पण घर गेलां." तिचे वडील मुंबईला बोटीवर खलाशी होते, रेडिओ त्यांनी आणलेला. पेटीची भुकटी तिने पिशवीत भरून आणली होती! फेकवली नाही तिला.

कंपनीच्या नावाचा बिल्ला गळून गेलेला, चेसिसवरचा नंबर गंजात बुडालेला. म्हणजे इंटरनेटवर फोटो शोधायची सोयही नाही. मग माप कुठून काढायचं? तर रेडिओ स्वतःच सांगतो. नॉबचे दांडे चेसिसमधून किती बाहेर येतात त्यावरून पुढच्या फळीची जाडी कळते. दांड्यांमधलं अंतर म्हणजे भोकांची जागा. डायलची काच म्हणजे खिडकीचं माप. तळाशी चेसिसला चार स्क्रूची भोकं असतात, त्यावरून तळाची फळी. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे पाठीमागचा भोकाभोकांचा पुठ्ठा. तो बहुतेक वेळा कचरा म्हणून टाकून देतात. पण पुठ्ठा असेल तर पेटीची उंची, रुंदी, खांद्याची गोलाई, सगळं आयतं हातात. तुमच्याकडे असा पुठ्ठा असेल तर कृपा करून टाकू नका.

काकीच्या पुठ्ठ्याचा अर्धा भाग वाळवीने नेलेला, पण उरलेल्या अर्ध्यात एक खांदा होता. तो कागदावर उतरवला, कागद दुमडला, दुसरा खांदा मिळाला. घरी एक फोटो होता, गणपतीच्या मखराशेजारी फळीवर रेडिओ. तोही अर्धाच दिसतो, कारण त्याच्यापुढे कोणाचा तरी मुलगा उभा. तरी स्पीकरपुढच्या तीन आडव्या पट्ट्या मोजता आल्या. राहिली खोली, म्हणजे पुढून मागे किती. ती कशावरून कळणार? मी विचार केला, बॅटरीची वीट आता मिळत नाही, माझा मित्र वीजपुरवठ्याचं लहान यंत्र बसवणार, मग ती रिकामी जागा कशाला? पेटी तीन इंच उथळ केली. फळीवरही नीट बसेल म्हटलं.

मोठी चूक. पण तिकडे येतो.

लाकडाबद्दल आधी. खांद्याची गोलाई एका फळीत वाकत नाही. पातळ पातळ थर सरस लावून साच्यावर दाबून ठेवायचे, एक-दोन दिवस. घाईने साचा काढला की गोलाई उघडते. लाकूड वाकवायचं शिक्षण मला होडीवाल्यांकडे मिळालं. होडीची फळी खालून जाळ आणि वरून पाणी देत देत ते जसे वळवतात, ते लहानपणी तासन्‌तास बघितलंय. साचा मी शिवणीचा करतो. शिवण हलकी आणि हवापाण्याने कमी हलणारी. फणस दिसायला सुंदर, वीणा आणि मृदंगम्‌ही त्याचे होतात, पण पेटीच्या वरच्या पापुद्र्याला त्याचा पिवळा रंग वेगळा दिसतो. म्हणून पेटी चांगल्या प्लायची आणि वर सागवान व्हिनिअर. सरसाऐवजी मी आजचं पाण्याला टिकणारं फेविकॉल वापरतो. इथे मी मूळ कारागिरापासून मुद्दाम वेगळा वागतो. त्याचा सरस इथे हरला आहे, तोच परत लावण्यात काय अर्थ?

पॉलिशचं काम मात्र जून ते सप्टेंबर बंद. जुन्या पेट्यांवर फवाऱ्याने मारलेलं लॅकर असतं, कडांना गडद आणि मध्ये उजळ. ते पावसाळी हवेत मारलं की वाळताना हवेतला ओलावा धरतं आणि दुधासारखं पांढुरकं होतं. गिऱ्हाईक चतुर्थीपूर्वी द्या म्हणतं, मी दिवाळीनंतर म्हणतो. यावरून भांडणंही झाली आहेत.

नॉबसाठी मी सावंतवाडीला जातो. चितार आळीतली लाकडी खेळणी, फळं तुम्ही घेतली असतील. तिथले कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून चढते, वर केवड्याच्या पानाने चकाकी. मूळ नॉब बेकेलाइटचे होते हे खरं, पण काळ्या-तपकिरी लाखेचा नॉब शेजारी ठेवला तर हाताला फारसा फरक कळत नाही.

नॉबवरून एक धोक्याची गोष्ट. काकीचा सेट बॅटरीचा, त्याला हे लागू नाही. पण शहरांतले विजेवरचे अनेक सेट एसी-डीसी जातीचे असतात. त्यांत चेसिस थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर सगळी चेसिस जिवंत! लाकडी पेटी, मागचा पुठ्ठा, नॉब हेच तुमच्या आणि विजेच्या मधे उभे असतात. नॉबचा बारीक स्क्रू खोल भोकात असतो आणि त्या भोकात मेण भरलेलं असतं. ते मेण शोभेचं नाही. नॉब काढताना लोक मेण खरवडतात आणि परत भरत नाहीत. तळाचे स्क्रूही तसेच, बोटाला लागता कामा नयेत. पेटी दिसायला हुबेहूब पण पाठ उघडी, असं काम मी घराबाहेर जाऊ देत नाही. आणि पुठ्ठ्याची भोकं बुजवायची नाहीत, व्हॉल्व्ह तापतात, गरम हवेला वाट लागते.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येतो, नकली-असलीच्या. इथे मला माझंच एक जुनं काम सांगितलं पाहिजे. सुरुवातीला मुंबईच्या एका व्यापाऱ्याने मला एक पेटी करायला दिली. बिल्ला त्याने दिला. कडा थोड्या घासून दे, आतून चहाचं पाणी लाव, म्हणाला, जुनी दिसली की बरी दिसते. मला वाटलं हौस आहे. मी मन लावून केलं, अगदी वाळवीची चार बारीक भोकंसुद्धा टोच्याने पाडली. खोटं कशाला बोलू, मजा आली करताना. वर्षभराने एका ओळखीच्या माणसाने फोटो पाठवला, बघ काय सुंदर सेट घेतलाय, मूळ पेटीसकट, १९३८चा. ती चार भोकं माझी होती.

त्याला सांगायला मला आठ दिवस लागले. सांगितलं. तो चिडला, साहजिक आहे. पैसे त्याचे गेले ते गेलेच.

आपल्या देशात नवी पेटी, नवा कर्णा आणि जुन्या कंपनीचा बिल्ला जोडून ग्रामोफोन विकले जातात, आणि जगभरचे संग्राहक त्यांना नावं ठेवतात, हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं. कायद्याचं म्हणाल तर १९७२च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तूला साधारण शंभर वर्षांचं वय लागतं. १९३८चा रेडिओ तिथे पोचतच नाही, त्यामुळे त्याच्या असलीपणाची राखण कायदा करणार नाही. ती पेटी करणाऱ्यालाच करावी लागते.

तेव्हापासून तळाच्या फळीला आतून तापलेल्या लोखंडाने डाग देतो: नवी पेटी, मालवण, आणि साल. कागद चिकटवला तर सोलता येतो. डाग रंध्याने घालवायचा तर फळी इतकी पातळ होते की लपत नाही. बिल्ला नसेल तर मी बिल्ला करत नाही. जुनाट दिसण्यासाठी ओरखडे पाडत नाही. यामुळे काही गिऱ्हाइकं गेली. डाग नको, दुप्पट देतो, असंही एकाने सांगितलं. दुप्पट कशाचे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

काकीला मी हे समजावून सांगितलं तर ती हसली. "माका इकूचो नाय रे. माका ऐकूचो आसा." विकायचा नाही, ऐकायचा आहे.

तर ती उथळ पेटी. कुडाळच्या माझ्या मित्राने, तो निवृत्त रेडिओ मेकॅनिक, सेट चालू केला. पेटीत बसवला. काकी आली, तिने कान दिला आणि म्हणाली, "बरो झालो. पण ह्यो बाबांचो न्हय. ह्येचो आवाज पत्र्यासारखो." मला राग आला, खरं सांगतो. एवढी मेहनत आणि पत्रा! मित्र म्हणाला, बाई बरोबर बोलते. स्पीकर पुढे जितका आवाज टाकतो तितकाच मागेही टाकतो, उलट्या दिशेचा. मागचा आवाज वळसा घालून पुढे आला की जाड, खालचा आवाज दोघं मिळून मारून टाकतात. पेटीची खोली म्हणजे त्या वळशाची लांबी. तू तीन इंच कापलेस तो बॅटरीचा कप्पा नव्हता नुसता, रेडिओचा घसा होता.

पुढच्या आठवड्यात काकी परत आली, हातात एक कापड. ट्रंकेत सापडलं म्हणाली. रेडिओचं आवरण, तिच्या आईने भरतकाम केलेलं, पुढे मोर, पट्टीवर दोन पोपट. पूर्वी प्रत्येक घरात असायचं असं. ते आम्ही माझ्या पेटीवर घातलं. रुंदीला बरोबर, उंचीला बरोबर, मागे मात्र तीन बोटं ओघळलं, मोठ्या भावाचा शर्ट घातल्यासारखं. ज्या मापासाठी मी डोकं फोडत होतो ते तिच्या आईने सुईने लिहून ठेवलं होतं.

पेटी मोडून दुसरी केली. पहिलीचे पैसे अर्थात लावले नाहीत. मागे आता जागा झाली, तेव्हा मित्राने ते वीजपुरवठ्याचं यंत्रही काढलं, त्याचा घूं असा आवाज त्याला आवडत नव्हता. नऊ व्होल्टच्या दहा लहान बॅटऱ्या ओळीने जोडल्या, झाले नव्वद. दीड व्होल्टला एक मोठा सेल. वजनही मागे आलं, त्यामुळे नॉब फिरवताना पेटी पुढे झुकेनाशी झाली. स्पीकरवरचं कापडही बदललं. पहिलं मी सोफ्याचं जाड लावलं होतं, आवाजाचा वरचा भाग तेच खात होतं. कापड तोंडावर धरून फुंकर मारायची, हवा सहज गेली तर चालतं.

डिसेंबरात पेटी आचऱ्याला पोचवली. त्याच फळीवर ठेवली. फळीमागच्या भिंतीवर जुन्या रंगाचा चौकोन अजून होता, त्यात बसली. काकीने आधी आवरण घातलं, मग पुढचा मोर वर उचलून नॉब फिरवला. व्हॉल्व्ह तापायला क्षणभर लागतो, तेवढ्यात तिने माझ्याकडे दोनदा बघितलं. मग खरखर, मग पणजीचं स्टेशन, कोकणी गाणं. दिवेलागणीची वेळ, समुद्रावरून मीडियम वेव्ह छान येते अशा वेळी.

ती काही बोलली नाही. आत गेली आणि चहा घेऊन आली, आणि माझ्या मित्राला म्हणाली, "त्या तळाक काय जाळलां हा, ता माका वाचून दाखय." त्याने पेटी कलती करून वाचून दाखवलं.