उतारवयातला आरोग्यविमा : उघडलेले दार आणि उंबरठा



आपल्याकडे 'विमा उतरवला' असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम आयुर्विमाच उभा राहतो. आपल्या पश्चात घरच्यांची आबाळ होऊ नये म्हणून कर्त्या माणसाने करून ठेवावयाची ती तजवीज; मध्यमवर्गाला तिची सवय दोन-तीन पिढ्यांची आहे. आरोग्यविम्याचे तसे नाही. सरकारी मालकीच्या चार विमा कंपन्यांनी तो १९८६ साली 'मेडिक्लेम' या नावाने बाजारात आणला. पण पुष्कळ घरांत तो शिरला तो घरातले कोणी रुग्णालयाचे मोठे बिल भरून परतल्यानंतर. म्हणजे विमा घ्यावयाची खरी वेळ टळून गेल्यावर.

अशा वेळी साठी उलटलेला माणूस विमा कंपनीच्या दारात गेला, की त्याला दोन प्रश्न विचारले जात. वय किती? आणि आजार कोणता आहे? या दोन उत्तरांवर बहुतेकांचे काम तेथेच संपत असे. २०२४ साली नेमक्या याच दोन प्रश्नांसंबंधीचे नियम बदलले. त्या बदलाविषयी लोकांच्या मोबाइलवर जे निरोप फिरतात, त्यांत अर्धे खरे आणि अर्धे ऐकीव असते. 'आता कोणत्याही वयात, कोणत्याही आजारासह विमा मिळतो' असा एक निरोप माझ्याही वाचनात आला. तो किती खरा आहे, हे आज पाहावयाचे आहे.

त्यापूर्वी कंपन्या म्हाताऱ्या आणि आजारी माणसाला बिचकतात का, हे समजून घेतले पाहिजे. आरोग्यविमा ही एका परीने भिशीच आहे. फरक इतकाच, की भिशीत प्रत्येकाची पाळी येते, आणि येथे आपली पाळी येऊ नये अशीच प्रत्येकाची इच्छा असते. शंभर जणांनी हप्ता भरावा आणि त्यांतील पाच-सात जणांच्या दुखण्याचा खर्च त्यातून निघावा, असा हा हिशेब. आता या भिशीत फक्त ज्यांचे ऑपरेशन पुढल्या महिन्यात ठरले आहे तेच लोक शिरू लागले, तर ती सहा महिन्यांत मोडेल. म्हणून कंपन्या आधीपासूनच्या आजारासाठी काही वर्षांचा प्रतीक्षाकाल ठेवतात. ही अट मुळात अन्यायाची नव्हे. अन्याय होतो तो तिचा काळ भरमसाट वाढवला म्हणजे, किंवा तिच्या आडून दुसऱ्याच आजाराचा दावा नाकारला म्हणजे.

आता समजा, एक निवृत्त शिक्षिका आहेत. वय अडुसष्ट. बारा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू. त्यांनी आजवर विमा घेतलेला नाही. जुन्या नियमांत कंपनीने प्रवेशासाठी किमान पासष्ट वर्षांपर्यंतची मुभा द्यावी एवढेच बंधन होते. त्यापुढे दार उघडे ठेवणे कंपनीच्या मर्जीवर असे. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाचे नवे नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. त्यांत पासष्टीचा तो उल्लेख राहिला नाही, आणि सर्व वयोगटांसाठी पॉलिसी उपलब्ध ठेवण्याची जबाबदारी कंपन्यांवर आली. म्हणजे आमच्या या बाईंना आता केवळ वयामुळे परत फिरावे लागू नये.

दुसरा प्रश्न मधुमेहाचा. पूर्वी आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाल चार वर्षांपर्यंत ठेवता येत असे. आता तो तीन वर्षांहून अधिक ठेवता येत नाही. आधीचा आजार कशाला म्हणावे याची व्याख्याही आवळली आहे. पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या छत्तीस महिन्यांत ज्याचे निदान झाले, किंवा ज्यावर उपचार झाले वा सुचवले गेले, तोच आधीचा आजार. पूर्वी ही मुदत अठ्ठेचाळीस महिन्यांची होती. बाईंच्या गोळ्या चालूच असल्यामुळे त्यांचा मधुमेह या व्याख्येत बसतो. तेव्हा पहिल्या दिवसापासून त्यांना अपघाताचे संरक्षण, तीस दिवसांनंतर नव्याने उद्भवणाऱ्या सर्वसाधारण आजारांचे, आणि मधुमेहाशी संबंधित उपचारांचे फार तर वयाच्या एकाहत्तराव्या वर्षापासून. मोतीबिंदू, सांधेबदल, हर्निया अशा काही ठरावीक उपचारांना पॉलिसीत वेगळा प्रतीक्षाकाल लिहिलेला असतो, त्यालाही तीच तीन वर्षांची कमाल मर्यादा आहे.

तिसरा बदल कमी बोलला जातो, पण माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. पॉलिसी सलग साठ महिने, म्हणजे पाच वर्षे चालली, की 'तुम्ही अमुक आजार लपवला होता' असे म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. आठ वर्षे हप्ते घ्यावयाचे आणि ऐन दुखण्यात जुन्या डॉक्टरची चिठ्ठी उकरून काढावयाची, हा जो प्रकार चाले, त्याला यामुळे बराच पायबंद बसला. मात्र मध्येच विम्याची रक्कम वाढवली, तर वाढीव रकमेपुरती पाच वर्षे नव्याने मोजली जातात.

येथवर दार उघडल्याची हकीकत झाली. आता उंबरठ्याची. कंपनीने सर्व वयांसाठी पॉलिसी ठेवावी याचा अर्थ प्रत्येक अर्ज तिने मान्य केलाच पाहिजे असा नाही. वैद्यकीय तपासणी करून ती अर्ज नाकारू शकते, जादा हप्ता मागू शकते, किंवा प्रत्येक बिलातील ठरावीक वाटा रुग्णाने सोसावा अशी अट घालू शकते. नकार मिळालाच तर तो कारणासह लेखी मागून घ्यावा, तोंडी नकारावर घरी परतू नये.

अन्य देशांनी हा उंबरठा कसा ओलांडला? अमेरिकेत २०१० साली झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०१४ पासून कंपन्यांवर सक्ती केली, की वैयक्तिक विमा मागणाऱ्याला आधीच्या आजारावरून नाकारावयाचे नाही, त्यापायी अधिक हप्ताही घ्यावयाचा नाही, आणि वयस्क माणसाचा हप्ता तरुणाच्या तिपटीपुढे न्यावयाचा नाही. पासष्टीवरील लोकांसाठी तर १९६५ च्या कायद्याने आलेली मेडिकेअर ही सरकारी योजना होतीच. पण भिशी मोडू नये म्हणून तेथे निरोगी माणसांवरही विम्याची सक्ती झाली आणि न घेणाऱ्यास दंड लागला. ती सक्ती लोकांना रुचली नाही. २०१९ पासून केंद्रीय दंडाची रक्कम शून्यावर आली. आपल्याकडे वैयक्तिक आरोग्यविम्यात अशी सक्ती ना घेणाऱ्यावर आहे, ना देणाऱ्यावर. म्हणून वयाची अट निघाली तरी किमतीची अट राहिली.

आणि किंमत हाच वृद्धांचा खरा प्रश्न आहे. गेल्या काही वर्षांत ज्येष्ठांच्या हप्त्यांत एकदम मोठी वाढ झाल्याच्या तक्रारी फार आल्या. तेव्हा ३० जानेवारी २०२५ रोजी प्राधिकरणाने कंपन्यांना बजावले, की ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता एका वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा असेल तर आधी आमच्याशी विचारविनिमय करा. हे ऐकून पुष्कळांना हायसे वाटले. मी गणित शिकवतो, म्हणून थोडा हिशेब करून पाहिला. आज चाळीस हजार हप्ता आहे आणि दर वर्षी दहा टक्केच वाढला, तर सात वर्षांनी तो सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार होतो. म्हणजे नियमाच्या आत राहूनही सात वर्षांत जवळजवळ दुप्पट. निवृत्तिवेतन त्या गतीने वाढत नाही, आणि ज्यांना निवृत्तिवेतनच नाही त्यांच्याविषयी काय बोलावे? २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील अठरा टक्के वस्तू व सेवा कर शून्य झाला. चाळीस हजारांच्या हप्त्यावर सात हजार दोनशे रुपये वाचणे लहान गोष्ट नव्हे. पण या करमाफीबरोबर कंपन्यांना आपल्या खर्चावर भरलेल्या कराची मिळणारी वजावटही गेली, तेव्हा मूळ हप्त्याच्या आकड्यावर पुढेही नजर ठेवलेली बरी.

सत्तरीच्या पलीकडे मात्र चित्र बरेच निराळे आहे. आयुष्मान भारत योजनेचा विस्तार करून २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, त्यात घेण्यात आले. वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार, आणि जुन्या आजारालाही प्रतीक्षाकाल नाही. येथे दोन खुलासे केले पाहिजेत. पाच लाख हे माणशी नव्हेत. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढे असतील तर रक्कम दोघांत मिळून आहे. आणि ती योजनेत सामील असलेल्या रुग्णालयातच, दाखल झाल्यावर मिळते. महिन्याच्या गोळ्यांचा किंवा दवाखान्यातील तपासणीचा खर्च तीत येत नाही. खासगी पॉलिसी असलेल्यालाही हे कार्ड काढता येते, त्यासाठी पॉलिसी सोडावी लागत नाही. केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या किंवा माजी सैनिकांच्या योजनेच्या लाभार्थ्यांना मात्र दोहोंपैकी एकीची निवड करावी लागते. वय आधार कार्डावरून धरले जाते, म्हणून त्यावरील जन्मतारीख चुकीची असेल तर ती आधीच दुरुस्त करून घ्यावी. आमच्या वडीलधाऱ्यांच्या जन्मतारखा शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीने टाकलेल्या असत, हे मी वेगळे सांगावयास नको.

राहता राहिले साठ ते सत्तर हे दशक. सुधारणा येथे सर्वांत तोकडी पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. नोकरी अठ्ठावन्न किंवा साठाव्या वर्षी संपते, तिच्याबरोबर कंपनीने दिलेला सामूहिक विमाही संपतो. रक्तदाब, साखर, हृदयाचे दुखणे याच सुमारास डोके वर काढतात. आणि सरकारी योजनेसाठी सत्तरी गाठावयाची असते. गरीब कुटुंबे मूळ योजनेत आधीपासून आहेत. गोव्यात २०१६ पासूनची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना असल्याने तेथील रहिवाशाची स्थिती जरा बरी. पण इंदूर, बडोदे किंवा हैदराबादच्या मध्यमवर्गीय मराठी घरातला त्रेसष्ट वर्षांचा मधुमेही गृहस्थ पुष्कळदा या दोन्ही छपरांच्या मधल्या वळचणीत उभा असतो. अशांना एक गोष्ट वेळेवर कळली तर उपयोग होईल : नोकरी सोडताना सामूहिक विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते, आणि तेथे काढलेली वर्षे प्रतीक्षाकालात धरली जातात. ही विचारणा निवृत्तीच्या निरोपसमारंभानंतर नव्हे, त्याच्या पुष्कळ आधी करावयाची असते.

ज्यांच्या हाती पॉलिसी आहे, त्यांनी तीत खोलीभाड्याची मर्यादा किती, हे अवश्य पाहावे. मर्यादा दिवसाला तीन हजारांची असता सहा हजारांची खोली घेतली, तर केवळ भाड्यातच नव्हे, डॉक्टरांच्या फीसारख्या खोलीशी निगडित अन्य खर्चांतही कंपनी निम्मी कपात करू शकते. औषधे आणि तपासण्या यांवर ही कपात लागू होत नाही, हेही लक्षात असू द्यावे. बिलाच्या मंजुरीसाठी खाटेवर ताटकळत बसण्याचा अनुभव अनेकांना असेल. मे २०२४ च्या आदेशाप्रमाणे कॅशलेस उपचारांची मंजुरी एका तासात, आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी रुग्णालयाची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत देणे कंपनीवर बंधनकारक आहे. त्याहून उशीर झाल्यास रुग्णालय जी जादा आकारणी करील ती कंपनीने सोसावयाची आहे.

आणि पॉलिसीचा प्रस्ताव भरताना आजार लपवू नका. एजंट पुष्कळदा म्हणतो, 'काका, साखरेचे लिहू नका, हप्ता वाढेल.' प्रस्तावावर सही त्याची नसते, आपली असते.

दावा नाकारला गेलाच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आले किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकीलही नाही, आणि पन्नास लाख रुपयांपर्यंतचा वाद चालतो. गोव्याच्या रहिवाशाने पुण्याच्या कार्यालयाकडे, बेळगावकराने बंगळूरकडे, इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींनी भोपाळकडे, बडोद्याच्यांनी अहमदाबादकडे अर्ज करावा. हैदराबादेत लोकपालाचे कार्यालय शहरातच आहे. कंपनीच्या नकाराचे पत्र हाती आल्यापासून अर्जाला एक वर्षाची मुदत असते, म्हणून त्या पत्रावर मिळाल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी.