हाताचा हुशार तो ठोंब कसा?

(परंडा येथें पालकांपुढें केलेलें भाषण)



आपण सारीं परंड्याच्या किल्ल्याच्या सावलींत वाढलेलीं माणसें. सभा गाजविणाऱ्या वक्त्यास लोक 'मुलूखमैदान तोफ' म्हणतात. ती खरी तोफ एके काळीं याच किल्ल्यांत होती. १५४९ सालीं ती अहमदनगरास महंमद बिन हसन रूमी यानें ओतली, आणि १६३२ सालीं येथून विजापुरास नेली. वजन सुमारें ५५ टन! तोफ ओततांना साच्याचा गाभा किंचित एका बाजूस सरला, तर नळी तेथें पातळ होते आणि बार उडतांच फुटून आपलेच गोलंदाज मरतात. इतक्या जिवांचा भरंवसा कोणाच्या पाठांतरावर नव्हता, ओताऱ्याच्या हातावर व नजरेवर होता.

आणि आज आपण काय करतों? आधीं आमचीच चूक सांगतों. आमच्या वर्गांतील एका लोहाराच्या मुलास पाढे येत नसत. शाळेचें बंद पडलेलें घड्याळ त्यानें उघडलें, म्हणून आम्हीं त्यास वर्गाबाहेर उभें केलें. दुसरे दिवशीं पाहतों तों घड्याळ चालू! ठोंब कोण होतें, तें आम्हांस तेव्हां कळलें. पण तोंवर बापानें मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घेतली होती. मुलगा टोळीबरोबर गेला, तो शाळेंत पुन्हां आला नाहीं.

म्हणून पालकहो, मूल पुस्तकांत मागें पडलें तर त्याचे हात पाहा. वांकडी शिवण उसवून पुन्हां घालण्याचा त्यास कंटाळा येतो काय? सुताइतका फरक त्याच्या डोळ्यांस सलतो काय? असें मूल, मुलगा असो वा मुलगी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत, म्हणजे आयटीआयमध्यें घाला. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांचा अभ्यास दोन वर्षांचा, वेल्डरचा एका वर्षाचा. बहुतेक धंद्यांस दहावी लागते, कांहींस आठवी पुरते. पुढें १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याप्रमाणें कारखान्यांत शिकतांना विद्यावेतन मिळतें. चष्म्याचीं भिंगें बसविणें, दातांच्या कवळ्या घडविणें, मोबाइलची दुरुस्ती, बारीक शिवणकाम, हींही अशाच हातांचीं कामें.

मात्र दोन गोष्टी ध्यानांत धरा. नुसता हात पुरत नाहीं. माप, नकाशा व हिशेब ज्यास येत नाहीं, त्याच्या कामाचा भाव दुसराच ठरवितो. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें प्राथमिक शाळेंत हिशेबाबरोबर शेतीचेंही ज्ञान मागितलें होतें. विद्या आणि काम यांची ताटातूट आपणही होऊं देऊं नये. दुसरें, जात पाहून धंदा ठरवूं नका. कुणब्याच्या मुलीचा हात यंत्रावर बसेल, लोहाराच्या मुलाचा शिवणांत बसेल.

उचल पुढेंमागें फिटेल, पण शाळेचें गेलेलें वर्ष परत येत नाहीं. मुकादमाच्या दारीं जाण्यापूर्वीं एकदां शाळेंत या. मुलाचे हात आपण मिळून पाहूं.