दुखऱ्या हाताचा कासरा



पोळा जवळ आला. बाजारात वेसणी, कासरे, बेगड, झुली मांडल्या जातील. खरेदी करताना बैलाचं सगळं बघितलं जातं. कासरा ज्या हातात राहणार, तो हात मात्र कोणी विचारात घेत नाही. अंगठ्याच्या मुळाशी कळ, पेरांवर गाठी, सकाळी मूठ मिटत नाही. भामरागडकडच्या अशा वयस्क धुरकऱ्यांनी कोणता कासरा घ्यावा, ते आज सांगतो.

नायलॉनची बारीक दोरी स्वस्त, लवकर तुटतही नाही. पण दुखऱ्या हाताला तिच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. दोर जितका बारीक, तितकी मूठ जास्त आवळावी लागते आणि भार बोटांच्या लहान सांध्यांवर येतो. पावसात ती सटकते, म्हणून माणूस आणखी आवळतो. मऊ सुताचा, साधारण अंगठ्याएवढा जाड कासरा घ्या. त्याहून फार जाडही नको. मूठ उघडी राहिली तर पकडच बसत नाही. दुकानातच मुठीत धरून बघा, दुकानदार हसला तर हसू द्या.

जुनाच कासरा चालवायचा असेल, तर हात येतो तेवढ्या भागावर धोतराची पट्टी गुंडाळा, पावसाळ्यात वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा. वीतभर अंतरानं गाठी मारल्या की हात गाठीला अडतो, आवळावं लागत नाही. घोड्याच्या लगामावर रबर चढवतात, चामड्याचे अडसर शिवतात, तेही याचसाठी.

बोटं दुखतात म्हणून काही जण कासरा मनगटाला गुंडाळतात. हे कधीच करू नका. बैल बुजले की हात सुटत नाही, माणूस फरफटत जातो.

खरं तर एवढं ओढायचं कशाला? कासऱ्याचं टोक वेसणीला, वेसण नाकात. नाकात जखम असली की बैल मान झटकतो आणि तो झटका तुमच्या अंगठ्यात उतरतो. खुपणारी वेसण बदला, जखमेवर गुरांच्या डॉक्टरांकडून औषध लावून घ्या. हाकेवर वळणाऱ्या जोडीला कासरा नुसता हलवला तरी पुरतो.

आता दुखण्याबद्दल. हाताचं प्रत्येक दुखणं वाताचं नसतं. तरुण पोराचे सांधे वारंवार ठणकत असतील, तर सिकलसेलची तपासणी करा. आपल्या जिल्ह्यात तो आजार बराच आहे. बोटं बधिर झाली, वाकडी होऊ लागली, दोराचा चटका बसूनही कळला नाही, तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि लवकर सुरू केलं तर हात वाचतो. दोन्ही हातांची बोटं सुजून सकाळी तासभर आखडत असतील, तरी डॉक्टर गाठाच. भामरागडचं ग्रामीण रुग्णालय आहे, बाबा आमट्यांनी 1973 साली सुरू केलेल्या लोक बिरादरी प्रकल्पाचा हेमलकशाचा दवाखानाही जवळच आहे. किराणा दुकानातली दुखण्याची गोळी रोज खाऊ नका, तिनं पोट आणि मूत्रपिंड बिघडतं.

बैल जुंपण्याआधी हात थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा, बोटं हळूहळू उघडा-मिटा. आणि धानानं भरलेली बंडी उताराला लागली, की कासरा घरातल्या धडधाकट माणसाकडे द्या.