अर्ध्या कलमाचे राजकारण

(मीरा-भाईंदर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भाईंदरहून चर्चगेटकडे जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये एके काळी एकाच वर्तमानपत्राची पाने सुटी होऊन चार हातांत जात आणि अंधेरी येईपर्यंत अग्रलेखावर वाद रंगे. आज त्याच डब्यात बहुतेकांच्या कानांत इअरफोन असतात. जो तो आपापले ऐकतो. शेजारी काय ऐकतो आहे याची कोणाला वार्ता नसते. या ऐकण्यात गाणी आहेत, कीर्तने आहेत आणि गेल्या काही वर्षांत राज्यघटनेवरील पॉडकास्टही आहेत. तास-दीड तास चालणाऱ्या या श्राव्य चर्चांतून पक्षांतरबंदी, राज्यपालांचे अधिकार, भाषेचे हक्क हे विषय सामान्य नोकरदारापर्यंत पोहोचू लागले आहेत.

या बदलाचे प्रथम स्वागतच केले पाहिजे. घटनेचा कायदा ही दीर्घकाळ इंग्रजी जाणणाऱ्या ज्येष्ठ वकिलांची मिरासदारी होती. दहावे परिशिष्ट म्हणजे काय हे कारकुनाला आणि दुकानातील नोकराला मराठीतून समजत असेल, तर लोकशाहीचा पाया रुंदावतो. प्रश्न आहे तो समजावून सांगण्याच्या मिषाने काय वगळले जाते हा.

पक्षपाताचा अर्थ येथे नीट ध्यानात घ्यावा लागेल. मत असणे हा अपराध नव्हे. पक्षाचे साप्ताहिक आपले मत मुखपृष्ठावरच जाहीर करते. वाचक ते जाणूनच वाचतो. दोष उद्भवतो तो मत हे कायद्याच्या पाठाचा वेष घालून येते तेव्हा. आणि या पाठात बहुधा खोटे सांगितले जात नाही. खोटे पकडता येते. सांगितले जाते ते अर्धे कलम, अर्धा निकाल. अर्धे सांगणाऱ्यावर असत्याचा आरोप करता येत नाही, हेच त्याचे बळ.

महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाचा खटला याचे ठळक उदाहरण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांपुढील सुनावणीचे थेट प्रक्षेपण २७ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी दाखवलेल्या खटल्यांत शिवसेनेचा वाद होता. न्यायालयाचे दार उघडले ही मोठीच गोष्ट झाली. परंतु तासन् तास चाललेल्या युक्तिवादातील दोन मिनिटांचा तुकडा कापून आपल्याला हवा तो अर्थ लावण्याची सोयही त्यातून झाली. पुढे ११ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला. बहुमत सिद्ध करण्यास सांगण्याचा राज्यपालांचा निर्णय समर्थनीय नव्हता. शिंदे गटाच्या प्रतोदाला अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदेशीर होती. असे न्यायालयाने म्हटले. त्याच निकालात असेही म्हटले की उद्धव ठाकरे यांनी सभागृहाला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे पूर्वस्थिती आणता येणार नाही, त्यानंतर शिंदे यांना सरकार बनवण्यास बोलावणे योग्य होते, आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनीच करावयाचा आहे. एका बाजूच्या चर्चांतून निकालाचा पूर्वार्ध घुमला, दुसऱ्या बाजूच्या चर्चांतून उत्तरार्ध. दोन्हीकडचे श्रोते आपलाच विजय झाला असे समजून निद्रिस्त झाले. राज्यपालांचे कृत्य चुकीचे ठरूनही त्याचा परिणाम कायम कसा राहतो, हा खरा लोकशाहीपुढील प्रश्न; तो समजण्यास दोन्ही अर्धे एकत्र ऐकणे भाग होते.

दुसरे उदाहरण याच शहरातील. २०२५ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस मीरा रोड येथे मराठीच्या वादातून एका मिठाई दुकानदाराला मनसेच्या कार्यकर्त्यांनी मारहाण केली आणि तिची चित्रफीत देशभर फिरली. ३ जुलै रोजी व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून निषेध केला. ८ जुलै रोजी मराठीच्या बाजूने निघणाऱ्या मोर्चाला मागितलेल्या मार्गाने जाण्याची परवानगी पोलिसांनी नाकारली, नेत्यांची व कार्यकर्त्यांची धरपकड झाली आणि तरीही मोर्चा निघाला. पहिलीपासून हिंदीच्या सक्तीवरून राज्यात जो क्षोभ होता, आणि ज्यापुढे शासनाला २९ जून रोजी आपले दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले होते, त्याची पार्श्वभूमी या साऱ्याला होती.

त्या दिवसांत घटनेतील एकोणिसावे कलम अनेकांच्या तोंडी होते. मोर्चाच्या समर्थकांनी सांगितले की शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क या कलमाने दिला आहे. विरोधकांनी सांगितले की देशात कोठेही राहण्याचा, स्थायिक होण्याचा आणि व्यापार करण्याचा हक्कही याच कलमाने दिला आहे. दोघेही खरे बोलत होते. पण पहिल्यांनी ‘शांततेने’ हा शब्द भरभर उच्चारला आणि दुकानदाराच्या गालावर बसलेल्या थपडेचा विषय टाळला. दुसऱ्यांनी हे सांगितले नाही की एका समूहाला दिवस मिळाला आणि दुसऱ्याला मार्ग नाकारला गेला, तर सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली घातलेले निर्बंध वाजवी होते काय, हे तपासण्याची कसोटी त्याच कलमात आहे.

दोन्ही बाजूंनी आणखी एक गोष्ट वगळली. मराठीच्या रक्षणाचा घटनात्मक मार्ग उपलब्ध आहे आणि तो चोखाळलाही गेला आहे. तीनशे पंचेचाळिसाव्या कलमाने राज्याला आपली राजभाषा ठरवण्याचा अधिकार आहे. त्यानुसार १९६४चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम झाला. दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात असा कायदा २०२२ साली झाला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत त्याचे पालन करण्यास सांगितले. म्हणजे विधिमंडळ कायदा करू शकते आणि न्यायालय तो मानावयास लावू शकते. रस्त्यावरील हाताला तो अधिकार नाही. त्याच वेळी भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे कलम ३५०-क सांगते. गुजराती, राजस्थानी, उत्तर भारतीय, मुसलमान कुटुंबे आणि उत्तनचे मराठी बोलणारे ख्रिस्ती कोळी ज्या शहरात शेजारी राहतात, तेथे या दोन तरतुदी एकत्र वाचल्या तरच नांदणे शक्य आहे.

हे अर्धवटपण कोणाच्या कटामुळेच येते असे मानण्याचे कारण नाही. त्यामागे साधे अर्थकारण आहे. श्रोत्याला कार्यक्रम फुकट मिळतो. विकले जाते ते त्याचे लक्ष, आणि ग्राहक असतो जाहिरातदार. लक्ष टिकवायचे तर श्रोत्याला त्याच्या मताची पुष्टी मिळाली पाहिजे. दीडशे पानांचा निकाल वाचून त्याच्या दोन्ही बाजू मांडावयास जाणकाराचे अनेक दिवस खर्ची पडतात. पक्षाचा प्रवक्ता असलेला वकील मात्र तयार मांडणी घेऊन विनामूल्य येतो. अर्धे कलम उत्पादनास स्वस्त आणि खपास सोपे असते. शिवाय एक ऐकून झाले की यंत्रणा त्याच चवीचे दुसरे पुढे करते. बाजारावर सोडलेले शिक्षण ज्या दिशेने जाते त्याच दिशेने हेही जाते.

मग सरकारने नियंत्रण आणावे काय? मोह होणे स्वाभाविक आहे. पण इतिहास वेगळे सांगतो. आणीबाणीत आकाशवाणीवर एकच आवाज होता. खाडीपलीकडे पालघरला २०१२ साली समाजमाध्यमावरील साध्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली; त्यासाठी वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-क अखेर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. सरकारविषयीचे खरे-खोटे सरकारनेच ठरवण्याची २०२३ची योजना मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली घटनाबाह्य ठरवली. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी १९९५ साली प्रसारणलहरींविषयीच्या निकालात दाखवलेली दिशा येथे उपयोगी आहे: प्रसारण सरकारच्या मुठीत असू नये आणि धनिकांच्याही नसावे, कारण विविध मते कानी पडणे हा ऐकणाऱ्या नागरिकाचा हक्क आहे. पॉडकास्टला लहरींचा परवाना लागत नाही. पण ऐकणाऱ्याचा हक्क तोच राहतो.

या कसोटीची सुरुवात मात्र स्वतःच्या घरापासून व्हावयास हवी. सरनाम्यातील ‘समाजवादी’ हा शब्द काढावा अशी मागणी अधूनमधून होते. ती करणारे सांगतात की प्रा. के. टी. शहा यांनी १५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत हा शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. हे खरे आहे. ते पुढचे सांगत नाहीत: समाजरचना कशी असावी हे त्या त्या काळच्या जनतेने ठरवावे, आणि मार्गदर्शक तत्त्वांत समाजवादी आशय आधीच आलेला असल्याने दुरुस्ती अनावश्यक आहे, अशी डॉ. आंबेडकरांची कारणे होती. त्याच डॉ. आंबेडकरांनी १९४७च्या आपल्या निवेदनात शेती व मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करावेत आणि हे घटनेतच लिहावे, अशी मागणी केली होती.

पण समाजवादी वक्तेही काही वगळतात. हा शब्द १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आला. त्या वेळी अनेक समाजवादी नेते तुरुंगात होते. लोकसभेची मुदत वाढवल्याच्या निषेधार्थ मधू लिमये यांनी तुरुंगातूनच सदस्यत्वाचा राजीनामा दिला. त्याच दुरुस्तीने न्यायालयांचे अधिकार छाटले. शब्दाचा गौरव करताना त्याच्या जन्मवेळेची ही हकीकत सांगितलीच पाहिजे. आणि त्याबरोबर हेही, की १९७८च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने आणीबाणीचे बरेचसे अनिष्ट दूर करताना हा शब्द कायम राहिला.

नोव्हेंबर २०२४ हा महिना तर प्रामाणिकपणाची परीक्षा पाहणारा. २५ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने हा शब्द काढण्याच्या याचिका फेटाळल्या. समाजवादी सभांतून हा निकाल आनंदाने सांगितला जातो. न्यायालयाने या शब्दाचा अर्थ कल्याणकारी राज्य असा केला आणि खासगी उद्योगाला त्याचा अडसर नाही असे म्हटले, हे सांगितले जात नाही. त्याआधी ५ तारखेला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरवले होते की प्रत्येक खासगी मालमत्ता ही कलम ३९(ख)मधील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही. हा खटला मुंबईतील जुन्या, मोडकळीस आलेल्या इमारती भाडेकरूंच्या सहकारी संस्थांसाठी संपादन करण्याच्या म्हाडा कायद्यातील तरतुदींवरून उभा राहिला होता. निकाल प्रतिकूल म्हणून तो लपवणारा कार्यकर्ता भाडेकरूंना सावध तरी कसा करणार? न्यायमूर्ती धुलिया यांचे भिन्नमत जरूर मांडावे; परंतु ते बहुमत नव्हे हे सांगून मांडावे.

तेव्हा या वर्गाने एक साधा नेम करावा. आठवड्यातून एकदा घटनेवरील एक कार्यक्रम सर्वांनी मिळून ऐकावा आणि तो संपताच संबंधित कलम, त्यातील अपवाद व निर्बंधांसह, ‘भारताचे संविधान’ या शासकीय मराठी प्रतीतून मोठ्याने वाचावे. बोलणारा कोणाचा वकील किंवा प्रवक्ता आहे, आणि न्यायालयाने त्याचे कोणते म्हणणे नाकारले, हे दोन प्रश्न विचारावेत. शेजारच्या व्यापाऱ्यालाही बोलवावे. त्याला मराठी अडत असेल तर तेच कलम हिंदीत वाचावे. आणि पक्षाच्या बाजूचा वक्ता माइकपुढे बसेल त्या दिवशी त्याने आपल्या विरोधात जाणारा निकाल आधी सांगावा, आपले म्हणणे नंतर.